ओवाळणीचा लॅपटॉप

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी माझा लॅपटॉप चार्ज होईना, आणि त्यावरून मी माझ्या एकुलत्या एका भावाला भाऊबीजेला घरी येऊ नकोस म्हणून सांगून मोकळी झाले.

उलव्यात घरं भाड्याने देण्याचं आणि विकण्याचं माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा, काचेवर चिकटवलेले कागद आणि आत एक टेबल. कुठला फ्लॅट कुणाचा, कुठल्या बेडरूममध्ये ओल आहे, कुठला मालक कुत्रेवाल्यांना घर देत नाही, सगळं लॅपटॉपमध्ये असतं. आमच्याकडे विमानतळाच्या नादाने इमारती भराभर उठतात. बऱ्याच ठिकाणी विजेचे मीटर बसायच्या आधीच घर दाखवावं लागतं. गिऱ्हाइकाला रिकाम्या हॉलमध्ये उभं करून, लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून नकाशा दाखवायचा, म्हणजे बॅटरी पाहिजे. मोबाइलवर नकाशा दाखवला की लोकांना घर लहान वाटतं.

हा लॅपटॉप मला भावाने मागच्या भाऊबीजेला दिला. मी ओवाळलं, आणि ताटात पाकीट टाकायच्या ऐवजी त्याने पिशवीतून हे काढलं. ताटात मावेना. मी आधी निरांजन उचललं आणि मग विचारलं, "नवीन आहे?"

"नवीनच समज," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात 'समज' हा शब्द फार जपून ऐकायचा असतो. नवीनच समजा म्हणजे जुन्या इमारतीला रंग काढलाय. स्टेशनला लागूनच समजा म्हणजे रिक्षा करावी लागणार. हा शब्द मी रोज विकते, तेव्हा माझ्याच पाटावर बसून मला तो कुणी विकायला लागला तर कळणार नाही? खोदून विचारल्यावर बाहेर आलं. त्याच्या कंपनीत नवे लॅपटॉप आले, जुने नोकरदारांना स्वस्तात मिळाले, त्यातला हा एक. पण मी घेतला. फुकट आलेल्या वस्तूला नावं ठेवावीत, पण परत करू नये. वर्षभर तो मुकाट्याने चाललाही.

त्या सकाळी ऑफिसात चार्जर लावला तर लॅपटॉप चालू झाला, पण बॅटरीचा आकडा जिथे होता तिथेच. कोपऱ्यात इंग्रजीत लिहून येत होतं की चार्जर जोडलेला आहे, चार्जिंग होत नाही. चार्जर काढला की थोड्या वेळात सगळं काळं.

गळती शोधायची असते तशी मी सुरुवात केली. आधी आपला नळ बघायचा, मग आपला पाइप, आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन भांडायचं. भिंतीतला प्लग बदलला. एक्स्टेंशन बोर्ड काढून टाकला. चार्जरच्या डब्यावरचा दिवा लागत होता. इंटरनेटवर एका माणसाने सांगितलं म्हणून लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, चालू करायचं बटण बराच वेळ दाबून धरलं. काही नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याच कंपनीचा लॅपटॉप आहे, त्याचा चार्जर मागून आणला. त्यानेही तेच. म्हणजे प्लग चांगला, बोर्ड चांगला, चार्जर चांगला. राहिला लॅपटॉप. वरचा मजला सापडला. मी भावाला फोन लावला.

"बोल आक्का. मीटिंगमधे आहे."

"तुझा लॅपटॉप मेला."

"माझा कुठला? तुला दिलाय ना मी."

"चालत होता तोवर माझा. बिघडला की तुझा."

तो हसला असावा. मग म्हणाला, "काय केलंस त्याला?"

आता हे कुणीही विचारेल. डॉक्टरही विचारतो. पण त्याने मला विचारू नये, आणि का ते सांगते.

आमचे वडील माथाडी होते. कोपरखैरण्याच्या घरात त्यांनी भावासाठी एक जुना कॉम्प्युटर आणला होता. आईने त्याला उशीच्या अभ्र्यासारखं कव्हर शिवलं. मी बारावी झाले होते, टायपिंगची परीक्षा दिली होती, बोटं शिवशिवत होती. भाऊ अजून शाळेत. पण कव्हरला हात लावला की तो ओरडायचा, "आक्का, हात लावू नको, बिघडंल!" आणि वडील जेवता जेवता म्हणायचे, "नको लावू गं, त्याचं हाय ते." लाइट गेली आणि पडदा काळा झाला तरी सगळे आधी माझ्याकडे बघायचे. पुढे तो इंजिनीअर झाला आणि मी वाशीत एका एजंटाकडे चाव्या सांभाळायला लागले. मार्केटात पाठीवर पोती वाहून एकाच मुलाचं शिक्षण होण्यासारखं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कुठल्या मुलाचं, हे मला कुणी विचारलं नाही. चाव्या सांभाळता सांभाळता मी घरं दाखवायला शिकले, मग विकायला, मग त्या एजंटाची गिऱ्हाइकं घेऊन बाहेर पडायला. त्यात कुणाचा हात नाही.

त्यामुळे "काय केलंस त्याला" ऐकल्यावर माझं डोकं फिरलं.

"केलं काय? हात लावला मी! माझा हात लागला की बिघडतंच ना तुमच्या घरातलं? भंगार घातलंस ओवाळणीत. ऑफिसचा कचरा बहिणीच्या ताटात. या वर्षी येऊच नकोस भाऊबीजेला!"

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

भांडणारा माणूस मला परवडतो. तो एक बोलतो, मी चार बोलते, आम्ही कुठेतरी मधे येतो. 'बरं' म्हणणाऱ्याशी व्यवहार कसा करायचा?

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आई त्याच्याकडे नेरूळला असते.

"काय बोललीस गं त्याला?"

"का? काय म्हणाला तो?"

"काय न्हाय म्हनला. जेवला, झोपला. म्हनून तर इचारतीया."

"मग झोपू दे."

"भाऊबीजेला सासुरवाडीला जातो म्हनतोय. सांगलीच्या गाडीची तिकिटं बघाय लागलाय. एकदा काढली की काढली, मग मला बोल लावू नगस. एकच भाऊ हाय तुला."

"त्यालाबी एकच बहीण हाय की."

"व्हय, आन ती अशी," आई म्हणाली आणि तिनेही फोन ठेवला. आमच्या घरात शेवटचं वाक्य मिळवायची सगळ्यांनाच हौस.

बोलले तेव्हा मला वाटलं होतं, तो चिडेल, चार दिवस फुगेल, आणि भाऊबीजेला फुगलेलाच येऊन पाटावर बसेल. वडील गेल्यापासून एकही भाऊबीज चुकलेली नव्हती. आता तिकिटं निघाली तर चुकणार, आणि एकदा चुकलं की पुढच्या वर्षी कुणी कुणाला बोलवायचं हा नवीन प्रश्न. पण मी नमायला तयार नव्हते. मी ठरवलं की लॅपटॉप दुरुस्तीला न्यायचा, त्याचं पोट उघडायला लावायचं, आतलं सडकं काय असेल त्याचा फोटो काढायचा आणि त्याला पाठवायचा. मग बघू 'बरं' म्हणतो का.

नेरूळला स्टेशनजवळच्या मार्केटात एक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्याने चार्जर लावला, पडद्याकडे बघितलं आणि लगेच लॅपटॉप मिटला.

"मदरबोर्ड गेला, मॅडम. ठेवून जा."

"उघडून बघितला कुठे?"

"एक्सपिरियन्स आहे."

"मलाही आहे. मीसुद्धा गिऱ्हाइकाला आधी सगळ्यात महागडं घर दाखवते. मग दुसरं काही दाखवलं की त्याला स्वस्त वाटतं."

त्याने चष्मा खाली घेतला. "एजंट आहात काय?"

"उलव्याला. उघडा माझ्यासमोर."

"समोर नाय उघडत आपण. गिऱ्हाईक टेन्शन घेतं."

"मग मी समोरच्या दुकानात जाते. तो उघडतो."

समोर चपलांचं दुकान होतं. दोघांनीही तिकडे बघितलं. त्याला हसू आलं, आणि हसलेला दुकानदार म्हणजे अर्धा सौदा. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून चार्जरची पिन जाते त्या भोकात उजेड टाकला.

"हे बघा. आत गंज आहे. गंज म्हणजे पाणी गेलंय. पाणी म्हणजे मदरबोर्ड."

"थांबा," मी म्हणाले आणि माझा चष्मा लावला. "गंज तांबडा असतो. हा पिवळा आहे."

"कधी कधी पिवळा पण होतो."

"कुठल्या लोखंडाला पिवळा गंज चढतो? खरवडा."

त्याने लॅपटॉप पूर्ण बंद केला, लाकडी टूथपिक घेतली आणि भोकाच्या कडेने हळूच फिरवली. कागदावर पिवळी भुकटी पडली. मी चिमूट घेऊन वास घेतला. मदरबोर्डातलं मला काही कळत नाही, पण हळद मी झोपेतही ओळखीन.

"गंज म्हणे! हळद आहे ही! कुणाला फसवता?" मी एवढ्या जोरात म्हणाले की चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. टूथपिक परत आत गेली आणि तांदळाचा एक तुकडा घेऊन बाहेर आली. कुंकवाने लाल झालेला.

मी चष्मा पुसून परत लावला.

"मॅडम," दुकानदार अगदी गोड आवाजात म्हणाला, "दसऱ्याला पूजा केली काय?"

केली होती. दरवर्षी करते. ज्याच्यावर पोट चालतं ते दसऱ्याला पुजायचं, हे वडिलांचं. ते पोती उचलायच्या हुकाची पूजा करायचे. माझं हत्यार म्हणजे चाव्यांचा जुडगा, आणि या वर्षीपासून लॅपटॉप. ऑफिसात चौरंग मांडला, पण नारळ, कलश आणि चाव्या ठेवल्यावर लॅपटॉप आडवा बसेना. म्हणून मी तो पुस्तकासारखा मिटून, अरुंद बाजूवर उभा करून भिंतीला टेकवला. पिनचं भोक नेमकं वर आलं. कुंकू कालवून झाकणावर स्वस्तिक काढलं, वरून हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि झेंडूचं फूल पाण्यात बुडवून चांगलं शिंपडलं. कंजूषपणा केला नाही. देवाच्या कामात मी भाव करत नाही.

"दसरा झाला की आमची दिवाळी सुरू," दुकानदार म्हणाला. आता त्याची पाळी होती. "मागच्या साली एकाने कॉम्प्युटरवर नारळ फोडला. वरच. तुमचं तर काहीच नाय."

त्याने मला काय झालं ते समजावलं. त्या भोकाच्या मधोमध एक बारीक पिन असते. ती चार्जरची ओळख पटवते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरीला विजेचा थेंब देत नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो तसं. पाहुणा समोर उभा असतो, पण नाव कळलं नाही तर आत सोडत नाहीत. त्याने मागचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने आतून साफ केलं, सुकू दिलं, परत जोडलं. चार्जर लावला. बॅटरीच्या चित्रावर विजेची खूण आली.

मदरबोर्डचं नाव परत निघालं नाही.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे भावाला कळलं तर काय. आक्काचा हात लागला की बिघडतं, हे जे वाक्य आयुष्यभर मी खोटं म्हणून सांगत आले, त्याला मी स्वतःच्या बोटांनी पुरावा करून ठेवला होता. तोही कालवून.

तेवढ्यात माझी नजर आकड्यावर गेली. आकडा भराभर वर चढत होता.

"एवढ्यात कशी भरते?" मी विचारलं. "टाकी लहान असली की लवकर भरते."

दुकानदाराने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. त्याने चार्जर काढला. आकडा आला होता तसाच घसरला. मग त्याने काही अक्षरं टाइप केली आणि लॅपटॉपनेच बॅटरीची पत्रिका काढून दिली. नवी असताना जेवढी वीज धरायची, त्याच्या निम्मीही आता धरत नव्हती.

"ही दमली, मॅडम. आज नाय तर उद्या बदलावीच लागणार. कुणी तरी चार-पाच वर्षं घासलीय."

म्हणजे भावाने दिली ती बॅटरी थकलेलीच होती. माझ्यात जीव आला. त्या पत्रिकेचा फोटो काढला, उघड्या झाकणातल्या बॅटरीवरच्या नंबराचाही काढला, आणि दुकानाच्या पायरीवर येऊन फोनमध्ये भावाचं नाव काढलं. फक्त बॅटरीचा फोटो पाठवायचा. हळदीचा उल्लेखही नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता.

मग मी त्याला गिऱ्हाईक समजून विचार केला. ओल असलेलं घर मी कसं विकते? आल्या आल्या सांगते, साहेब, बाथरूमच्या भिंतीला थोडी ओल आहे. थोडी. मग पुढे खिडकी दाखवते. ओल त्याला नंतर दिसली तर तो सोडून जातो, आणि जातो तो ओलीमुळे नाही, मी लपवली म्हणून. भाऊ इंजिनीअर आहे. बॅटरी थकली म्हणून चार्जिंग अजिबात बंद पडत नाही, हे त्याला फोटो बघताच कळलं असतं. मग तो परत विचारणार, काय केलंस त्याला. आणि या वेळी तिकिटं काढूनच विचारणार.

मी फोटो पाठवला नाही. फोन लावला.

"बोल." आक्का नाही, काही नाही.

"तुझी बॅटरी मेलेली आहे. निम्मीसुद्धा राहिली नाही. पत्रिका काढलीय मी."

"बरं."

"आणि पिनच्या भोकात थोडी अक्षता गेली होती. थोडी. काढली आता."

तो म्हणाला, "अक्षता? लॅपटॉपचं लग्न लावलंस काय?"

"दसऱ्याची पूजा केली."

"चार्जिंग पॉइंटात?"

"हस. हस तू. पण मेलेली बॅटरी कुणी दिली ते आधी बोल. अक्षता नसती तरी ती मरणारच होती."

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना बॅटरी उतरते म्हणून."

"मला काय ठाऊक किती वेळ चालायला पाहिजे? माझ्याकडे कधी होता का आधी?"

हे मी मुद्दाम बोलले नव्हते. तो म्हणाला, "जुनं काढू नको आता."

"मी काढत नाही. ते वरच असतं."

"मग काय करू मी?"

"बॅटरी आण. नवी, खोक्यातली, पावतीसकट. हीच या वर्षीची ओवाळणी. साडी नको, पाकीट नको."

"म्हणजे येऊ? तू तर येऊ नको म्हणालीस."

"मी चिडून म्हणाले. चिडून बोललेलं म्हणजे काय सौद्याचं टोकन दिलेलं असतं? तूच निघालास की लगेच सांगलीला तिकिटं काढून."

"कसली तिकिटं?" तो म्हणाला.

मी पायरीवरच बसले. सासुरवाडीची मंडळीच या वर्षी त्याच्याकडे यायची होती. सांगलीला जायचा विषयही निघाला नव्हता. मी एवढी वर्षं समजत होते की भाव करायचं मी वाशीच्या एजंटाकडे शिकले. फोन ठेवल्यावर आईला लावला तर म्हणाली, "मला काय ठाव? मला ऐकू कमी येतं अलीकडं."

भाऊबीजेला तो दुपारी जुईनगरला माझ्या घरी आला. मी पाट मांडला, ओवाळलं, करंज्या पुढे ठेवल्या. त्याने पिशवीतून खोकं काढून ताटात ठेवलं. या वेळी मावलं. मी चष्मा लावला, खोक्यावरचा नंबर आणि मोबाइलमधल्या फोटोतला नंबर अक्षर अक्षर ताडून बघितला.

"शेवटचं अक्षर वेगळं आहे."

"बसेल गं."

"बसेल नको. बदलून आण."

"आज कुठलं दुकान उघडं असणार?"

"मग रविवारी आण."

"म्हणजे रविवारी परत जुईनगर?"

"नेरूळहून काय लांब आहे? आईला घेऊन ये. तिच्या कानांचंही बघायचंय मला."

त्याने करंजी मोडली, सारण नीट आहे का बघितलं, आणि अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाला, "रविवारी मटण करशील?"

"नंबर जुळला तर," मी म्हणाले.